ब्राह्मी अंक संगणकात भरताना सातशेचे एकशे सात का होतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाणेघाट आणि नाशिकच्या लेण्यांतील कोरीव लेखांचे पाठ युनिकोड ब्राह्मीत टंकून एका डेटाबेसमध्ये भरले आहेत. अक्षरे नीट दिसतात, अंक मात्र दगा देतात. १७०० हा आकडा कुठे ११०७ म्हणून वाचला जातो, कुठे पायथन तो संख्याच मानत नाही, आणि १ शोधले तर १००० असलेल्या ओळीही हाती येतात. फाँट बदलून पाहिला, फरक पडला नाही.

फाँट बदलून फरक पडणार नव्हताच. इथे तीन वेगळे दोष एकमेकांत अडकले आहेत. एक टंकताना झालेला, दुसरा प्रोग्रामचा, तिसरा डेटाबेसचा. तिन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: ब्राह्मी अंक म्हणजे आपल्या १, २, ३ चे जुने वळण. तसे ते नाहीत.

आधी लिहिण्याची सोय. वाचणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रावर ब्राह्मी फाँट असेलच असे नाही, म्हणून खुणा प्रत्यक्ष न देता मी चौकटी कंसात त्यांची किंमत लिहितो: [१००] म्हणजे शंभराची एक खूण, तीन अंक नव्हेत. संकेतांक, म्हणजे युनिकोडने प्रत्येक खुणेला दिलेला क्रमांक, षोडशमान (सोळाच्या पायाचे) आहेत. त्यातली ए ते एफ ही अक्षरे इथे देवनागरीत दिसतील, यंत्रात मात्र ती रोमनच टाकायची.

युनिकोडचा ब्राह्मी विभाग ११००० ते ११०७एफ असा आहे. तो २०१० साली ६.० आवृत्तीत आला. त्यात अंकांचे दोन स्वतंत्र संच आहेत, आणि गोंधळाची सुरुवात इथेच होते.

पहिला संच ११०५२ ते ११०६५, एकूण २० खुणा. ११०५२ ते ११०५ए या एक ते नऊ. ११०५बी ते ११०६३ या दहा, वीस, तीस अशा नव्वदपर्यंतच्या. ११०६४ म्हणजे शंभर आणि ११०६५ म्हणजे हजार. अशोकाच्या लेखांपासून सातवाहन, क्षत्रप, कुषाण यांच्यापर्यंत जी पद्धत चालली ती ही. यात शून्य नाही, स्थानमूल्य नाही. बेचाळीस लिहायचे तर [४०] [२]. नोटा मोजून मांडाव्यात तशी मोठी किंमत आधी, लहान नंतर, आणि सगळ्यांची बेरीज.

दुसरा संच ११०६६ ते ११०६एफ. शून्य ते नऊ असे हे दहा दशमान अंक आहेत. ब्राह्मीच्या उत्तरकाळात स्थानमूल्याची पद्धत जुन्या पद्धतीच्या शेजारी दिसू लागते, तिच्यासाठी हा संच आहे.

नाणेघाटातल्या १७०० साठी कोणी दुसऱ्या संचातून एक, सात, शून्य, शून्य असे टंकले तर पडद्यावर ते झकास दिसते, प्रोग्रामलाही चटकन कळते, पण पाठ खोटा होतो. दगडावर नसलेली दोन शून्ये तुम्ही कोरलीत. इसवी सनापूर्वीच्या लेखात शून्य सापडल्याची बातमी अशा फायलींतून निघायला वेळ लागत नाही. तेव्हा पहिला नियम: नाणेघाट, नाशिक, कार्ले, जुन्नर इथल्या सातवाहन आणि क्षत्रप काळातल्या लेखांना पहिला संचच लावायचा.

आता मुख्य मुद्दा. बेरजेच्या पद्धतीत शंभराच्या आणि हजाराच्या पटी कशा लिहायच्या? नऊशेपर्यंतच्या प्रत्येक शेकड्याला स्वतंत्र खूण नव्हती. कोरणारे शंभराच्या खुणेलाच गुणक चिकटवत. चारशे म्हणजे शंभराच्या खुणेला जोडलेला चार, सातशे म्हणजे तिलाच जोडलेला सात. सुटा सात पुढे आला तर बेरीज, म्हणजे १०७. जोडून आला तर गुणाकार, म्हणजे ७००. दगडावर हा फरक डोळ्यांना दिसतो, टंकलेल्या मजकुरात तो आपोआप उतरत नाही.

त्यासाठी २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये ११०७एफ हे चिन्ह आले. त्याचे अधिकृत नाव ब्राह्मी नंबर जॉइनर, आपण त्याला जोड म्हणू. क्रम असा: आधी [१००] किंवा [१०००], मग जोड, मग गुणक. बोलताना आपण सात आधी आणि शंभर नंतर म्हणतो म्हणून हात उलटा क्रम टंकायला जातो. तिकडे लक्ष ठेवा.

१०७ = [१००] [७]
७०० = [१००] जोड [७]
१७०० = [१०००] [१००] जोड [७]
१००२ = [१०००] [२]
२००० = [१०००] जोड [२]
११०१ = [१०००] [१००] [१]
७०,००० = [१०००] जोड [७०]

१७००, १००२ आणि ११०१ हे नाणेघाटच्या लेखात खरोखर आलेले आकडे आहेत. त्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब आहे आणि अंकांची संख्या इतकी मोठी, की भगवानलाल इंद्रजींनी प्राचीन अंकपद्धतीवरचा १८७६ चा निबंध याच लेखाच्या आधारे लिहिला. तुमच्या कामासाठी तो आयती कसोटी आहे. ६००१ आणि १०,००१ यांत जोड आणि सुटा एक दोन्ही आहेत, १८९ मध्ये जोड अजिबात नाही. सर्वांत मोठा आकडा २४,४००. तो वीस हजार, चार हजार, चारशे अशा तीन गटांत आहे:

[१०००] जोड [२०] [१०००] जोड [४] [१००] जोड [४]

हजाराची खूण दोनदा आली आहे हे ध्यानात घ्या. आपल्या सवयीने चोवीस हजार असा एकच गट करू नका. दगडावर खूण जितक्या वेळा आहे तितक्याच वेळा मजकुरात आली पाहिजे.

अशोकाचे उदाहरण हवे असेल तर रूपनाथ आणि सहस्राम इथल्या लघुशिलालेखांतला २५६ घ्या: [१००] जोड [२] [५०] [६].

आता एक फसवी जागा. नाशिकच्या लेखांत शंभराच्या खुणेला उजवीकडे एक आडवी रेघ जोडली की दोनशे होतात, दोन रेघा जोडल्या की तीनशे. हजाराचेही तसेच: एक रेघ दोन हजार, दोन रेघा तीन हजार. लेखाचा कागदावर घेतलेला ठसा समोर ठेवून जसे दिसते तसे टंकणारा माणूस इथे प्रामाणिकपणे [१००] जोड [१] असे टंकतो, आणि प्रोग्राम शंभर एके शंभर असे उत्तर देतो. संकेतांक किंमत सांगतो, रेघा मोजत नाही. दोनशेला गुणक [२] च, तीनशेला [३] च. एका रेघेचे रूप दाखवणे हे फाँटचे काम.

नाशिकच्या लेखांत सुदैवाने पडताळ्याची सोय लेखातच आहे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या अठराव्या वर्षाच्या लेखात दोनशे निवर्तने जमीन दिल्याचे आधी शब्दांत आणि लगेच अंकांत सांगितले आहे. नहपानाचा जावई उषवदात याच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या लेखात तीन हजार कार्षापणे (त्या काळची नाणी), आठ हजार नारळाची झाडे, सत्तर हजार कार्षापणे हे आकडे असेच दुहेरी आले आहेत. आपल्या धनादेशावर असतात तसेच. म्हणून डेटाबेसमध्ये अंकासाठी एकच रकाना ठेवू नका, चार ठेवा: ब्राह्मी खुणांचा पाठ, त्यातून प्रोग्रामने काढलेली किंमत, लेखातल्या शब्दांवरून माणसाने भरलेली किंमत आणि ठशाचा संदर्भ. दुसरा आणि तिसरा रकाना जुळला नाही की ती नोंद तांबडी करायची. यात जोडाच्या बहुतेक चुका पहिल्याच दिवशी सापडतात.

टंकताना होणाऱ्या आणखी काही चुका, नेहमी दिसणाऱ्या.

जोडाऐवजी विराम. देवनागरीची सवय असलेला माणूस जोडायचे म्हटले की हलंत शोधतो आणि ब्राह्मी विराम, म्हणजे ११०४६, टाकतो. काही जण शून्यरुंदीचा जोडक २००डी टाकतात. दोन्ही चूक. विराम व्यंजनासाठी आहे, अंकानंतर तो आला की बहुतेक ठिकाणी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. ते वर्तुळ उपकारक म्हणायचे, निदान चूक दाखवते. २००डी मात्र काहीच न दाखवता फाइलीत बसून राहतो.

अक्षराऐवजी अंक, अंकाऐवजी अक्षर. सुरुवातीच्या ब्राह्मीत चारची खूण अधिकच्या चिन्हासारखी असते, आणि क हे अक्षरही तसेच. क चा संकेतांक ११०१३, चारचा ११०५५. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखे दिसत असल्याने ही चूक डोळ्यांनी सापडत नाही. सगळ्या अंकस्थानी आलेले ११०१३ प्रोग्रामने शोधा. पुढच्या काळात बऱ्याच अंकखुणांना अक्षरांची वळणे आली. पोथ्यांच्या पानांवर सहासाठी फ्र, सातसाठी ग्र, आठसाठी ह्र अशी चक्क अक्षरेच लिहिलेली सापडतात. तिथे लेखकाने अक्षर म्हणून लिहिले असेल तर अक्षराचा संकेतांक ठेवा आणि किंमत वेगळ्या रकान्यात द्या. नाशिकच्या दगडावर अक्षरासारखा दिसणारा अंक हा अंकच आहे.

एक आणि आडवी रेघ. ११०४बी हे रेघेचे विरामचिन्ह आहे, ११०५२ हा एक आहे. दोन्ही आडव्या रेघा. तसेच तीनसाठी ११०५२ तीनदा टंकलेलाही पाहायला मिळतो. बेरीज तीनच येते, म्हणून साधी तपासणी ती चूक पकडत नाही. खाली दिलेली दुसरी तपासणी पकडते.

मध्ये मोकळी जागा. छापील वाचनांत १०० ८० ९ असे अंतर सोडून लिहितात, ते वाचकाला बेरीज दिसावी म्हणून. ब्राह्मी पाठात अंतर टाकू नका. शोधताना शब्द तुटतो आणि १८९ चे तीन वेगळे आकडे होतात.

आता प्रोग्रामकडे. पायथन ३ धरून सांगतो, कारण तुमचा प्रश्न त्यातला आहे आणि त्यात एक सुरेख सापळा आहे. दशमान संचातले अंक एन-डी या वर्गात येतात, म्हणजे दशमान अंक. इंट हे फलन त्यांना सरळ संख्येत बदलते. जुन्या संचातल्या वीसही खुणा एन-ओ या वर्गात, म्हणजे इतर संख्या. त्यातही एक ते नऊ यांचा संख्याप्रकार डिजिट आहे, दहा ते हजार यांचा न्यूमेरिक. परिणाम असा की [७] ला इझडिजिट विचारले तर तो हो म्हणतो, त्याच खुणेवर इंट चालवले तर चूक फेकतो. [१०] ला इझडिजिट नाही म्हणतो, इझन्यूमेरिक हो म्हणतो. नियमित पदावलीतला (रेगेक्समधला) अंकांचा संक्षेप फक्त एन-डी ओळखतो, म्हणून जुना संच त्यातून पूर्ण निसटतो. तेव्हा या फलनांवर विसंबू नका. संकेतांकांची मर्यादा स्वतः लिहा, ११०५२ ते ११०६५ आणि ११०७एफ. किंमत युनिकोडडेटामधल्या न्यूमेरिक या फलनाकडून घ्या. ते [४०] ला ४०.० देते.

जोडाचा वर्ग एम-एन आहे, म्हणजे जागा न व्यापणारे चिन्ह, मात्रांच्या जातीचे. मजकूर शुद्ध करण्याच्या नावाखाली एम-एन वर्गातली सगळी चिन्हे गाळणारे दोन ओळींचे प्रोग्राम सर्रास फिरतात. फ्रेंच-जर्मन अक्षरांवरची टोपी काढायला ते ठीक असतील. ब्राह्मीवर चालवले तर मात्रा उडतात, त्या लगेच लक्षात येतात. पण जोडही उडतो, आणि तो जाताना मागे काही खूण ठेवत नाही. सातशेचे एकशे सात होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच. शब्द वेगळे काढणारा पायथनचा अक्षरसंक्षेपही एम-एन सामावून घेत नाही, त्यामुळे [१००] जोड [७] मधोमध तुटतो. तुमच्या साखळीत असा टप्पा कुठे आहे ते आधी शोधा. नमुना म्हणून [१००] जोड [७] ही तीन चिन्हे एका टोकातून सोडा आणि प्रत्येक टप्प्यानंतर लांबी मोजा. तीनची दोन जिथे होते तिथे दोषी सापडला.

लांबी मोजताना भाषेचे भान ठेवा. पायथनमध्ये ती तीन येईल, जावास्क्रिप्टमध्ये सहा. कारण ब्राह्मी विभाग पहिल्या ६५,५३६ संकेतांकांच्या पलीकडे आहे आणि यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येक खूण दोन तुकड्यांत साठवली जाते. ११०५२ चे तुकडे डी८०४ आणि डीसी५२. यूटीएफ-८ मध्ये तीच खूण चार बाइट घेते: एफ० ९१ ८१ ९२. जावास्क्रिप्टमध्ये तुकड्यांवर फिरू नका, संकेतांकांवर फिरा, आणि नियमित पदावलीला यू हा ध्वज लावा.

किंमत काढण्याची रीत लहान आहे. डावीकडून एकेक खूण घ्या. तिच्यानंतर जोड असेल तर जोडानंतरच्या खुणेशी गुणाकार करून तो एक गट धरा, नसेल तर ती खूण एकटीच एक गट. सगळ्या गटांची बेरीज करा. मग दोन तपासण्या. पहिली: जोडाच्या आधी फक्त [१००] किंवा [१०००] असले पाहिजे आणि नंतर अंकखूण असलीच पाहिजे. दुसरी: प्रत्येक गटाचे स्थान, म्हणजे दशसहस्र, सहस्र, शतक, दशक, एकक, आधीच्या गटापेक्षा खालचे असले पाहिजे. २४,४०० मध्ये दशसहस्र, सहस्र, शतक असे उतरते स्थान मिळते, नोंद पास. [१] [१] [१] मध्ये एककामागून एकक येते, नापास. [५०] [४०] ही नापास. नुसती किंमत उतरती आहे का एवढेच पाहिले असते तर ५० नंतरचे ४० सुटून गेले असते, म्हणून तपासणी स्थानाची.

उलट दिशेचा, म्हणजे साध्या आकड्यावरून ब्राह्मी खुणा तयार करणारा छोटा प्रोग्रामही लिहून ठेवा. कळपाटावर हुडकत बसण्यापेक्षा तो बरा, आणि जोड विसरत नाही. फक्त झिजलेल्या जागी तो वापरू नका. पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शक वर्ष असते. नाणे लहान, ठसा सरकलेला, आणि बरेचदा एककाची खूण कडेबाहेर गेलेली. तिथे [१००] [४०] इतकेच दिसत असेल तर पाठात तेवढेच. किंमत मात्र १४० लिहू नका. एपिडॉक या प्राचीन लेखांसाठीच्या संगणकीय पद्धतीने खुणा करत असाल तर नम या घटकाला अ‍ॅटलीस्ट १४० आणि अ‍ॅटमोस्ट १४९ असे दोन गुणधर्म देता येतात. साध्या तक्त्यात किमान आणि कमाल असे दोन रकाने करा.

डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर १ शोधल्यावर १००० का येतात याचे उत्तर तिथे आहे. मायएसक्यूएलमधला जुना यूटीएफ८ हा प्रकार फक्त तीन बाइटपर्यंत जातो. चार बाइटची ब्राह्मी खूण त्यात शिरतच नाही: कडक मोडमध्ये चूक येते, सैल मोडमध्ये त्या खुणेपासून पुढचा मजकूर कापला जातो. त्यासाठी यूटीएफ८एमबी४ हवा, आणि तो तक्त्याला, रकान्याला व जोडणीलाही. एकाला करून भागत नाही. बहुतेक लोक इथवर येतात आणि थांबतात. पण यूटीएफ८एमबी४ जनरल-सीआय हा तुलनाक्रम (कोलेशन, म्हणजे कोणती चिन्हे समान मानायची याचा नियम) ६५,५३६ च्या पलीकडच्या सगळ्या संकेतांकांना एकच वजन देतो. त्याच्या लेखी [१], [१०००] आणि ब्राह्मी क हे तिन्ही समान! नव्या ०९००-एआय-सीआय क्रमात हा आंधळेपणा नाही, मात्र तो दशमान ब्राह्मी १, देवनागरी १ आणि रोमन लिपीतला १ यांना एकच समजतो. शोधखिडकीसाठी ते सोयीचे असेल, पाठ जपण्यासाठी नाही. मूळ पाठाच्या रकान्याला बिन हा तुलनाक्रम द्या, म्हणजे बाइट न् बाइट जुळल्याशिवाय दोन नोंदी समान ठरणार नाहीत.

आता फाँट. विंडोज १० मधला सेगो यूआय हिस्टॉरिक आणि गूगलचा नोटो सॅन्स ब्राह्मी हे दोन सहज मिळतात. नुसत्या खुणा दिसतात एवढ्यावर समाधान मानू नका. [१००] जोड [७] टंकून पाहा. जोडरूप उमटायला हवे. जोडरूप न घडवता घटक शेजारी शेजारी दाखवले तर ते युनिकोडच्या नियमांत बसते, पण जोड अदृश्य राहिल्यास ७०० आणि १०७ पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात आणि मुद्रितशोधक योग्य मजकूर चुकीचा समजून दुरुस्त करतो. ओळखायचा खात्रीचा मार्ग एचबी-शेप ही आज्ञा: तिला फाँट आणि तीन चिन्हे द्या, ती किती रूपे वापरली ते छापते. एक आले तर जोडरूप आहे.

स्वतःचा फाँट करत असाल तर शेकड्यांची आठ (२०० ते ९००), हजारांची आठ (२००० ते ९०००) आणि दशसहस्रांची नऊ (१०,००० ते ९०,०००), मिळून २५ जोडरूपे लागतील. लिपीची ओपनटाइप खूण बी-आर-ए-एच. ब्राह्मीची मांडणी युनिव्हर्सल शेपिंग इंजिन करते आणि त्यात अंकांसाठी वेगळा गट आहे: जुन्या संचातली खूण, मग जोड आणि खूण अशी कितीही वेळा. दशमान संचातले अंक या गटात नाहीत, त्यामुळे दशमान शून्याला किंवा सातला जोड लावायला गेलात तर इंजिन तो मोडका समजते. जोडरूपांची अदलाबदल एल-आय-जी-ए या वैशिष्ट्यात ठेवू नका. वेब पानावर कोणी अक्षरांतर वाढवले की न्याहाळक ते वैशिष्ट्य बंद करतो आणि शीर्षकात सातशे सुटे होऊन बसतात. पी-आर-ई-एस सारख्या कायम चालू राहणाऱ्या वैशिष्ट्यात ठेवा. पानावर आकडा ओळीच्या शेवटी मधोमध तुटू शकतो, म्हणून प्रत्येक आकडा न तुटणाऱ्या चौकटीत घाला.

नहपानाच्या नाण्यांसारख्या ब्राह्मी आणि खरोष्ठी दोन्ही असलेल्या मजकुरात आणखी एक काळजी. जुन्या संचातले ब्राह्मी अंक दिशेच्या बाबतीत तटस्थ वर्गात आहेत, खरोष्ठी उजवीकडून डावीकडे चालते. दोन खरोष्ठी शब्दांच्या मध्ये ब्राह्मी आकडा आला तर तो उलटा मांडला जाईल. त्याला दिशाविलगक चिन्हांत ठेवा.

फाँटच्या वळणाबद्दल मात्र फार अपेक्षा नको. उपलब्ध फाँटांची वळणे बहुतेक अशोककालीन आहेत, नाणेघाटचा दहा किंवा क्षत्रप नाण्यावरचा ऐंशी त्यात तसा दिसणार नाही. युनिकोडने या सगळ्यांना एकच संकेतांक दिला आहे आणि तो निर्णय योग्यच आहे. आकारावर अभ्यास करायचा तर ठशाचे चित्र जोडा. आकार दाखवण्यासाठी वेगळा संकेतांक निवडणे हा मार्ग नव्हे.

मराठी कागदपत्रांकडे वळणाऱ्यांसाठी जाता जाता: मोडीत हा त्रास नाही. मोडीचे अंक ११६५० ते ११६५९, दशमान, इंट त्यांना ओळखते. मोडी जमाखर्चातले पाव, अर्धा, पाऊण मात्र मोडी विभागात शोधू नका. ते ए८३० पासूनच्या सामाईक भारतीय संख्याचिन्हांत आहेत.

राहिली तुमच्या आधीच बिघडलेल्या नोंदींची दुरुस्ती. पूर्ण प्रत काढून ठेवा, तुलनाक्रम बदला, चिन्हे गाळणारा टप्पा काढा. दशमान संचात टंकलेले आकडे वेगळे काढून जुन्या संचात फिरवा. ते सोपे, कारण किंमत शाबूत आहे. जोड उडालेल्या नोंदी तीन ढिगांत पडतात. ज्यात [१००] च्या लगेच नंतर एकक नाही आणि [१०००] च्या लगेच नंतर एकक किंवा दशक नाही, त्यांना धक्काच लागलेला नाही: [१००] [८०] [९] हे १८९ च. [१०००] [१] आणि [१००] [१] यांनाही नाही, कारण एकाने कोणी गुणत नाही. दुसऱ्या ढिगात स्थान मध्येच वर चढते. एकक किंवा दशकामागून शंभर वा हजार आले, तर त्या एककाआधी किंवा दशकाआधी जोड होता हे निश्चित. तो प्रोग्राम स्वतः घालू शकतो. तिसऱ्या ढिगात दोन्ही वाचने संभवतात: [१००] [७] १०७ की ७००, [१०००] [७०] १०७० की ७०,०००. नाणेघाटचा मोठा आकडा जोड गमावून आला तर [१०००] [२०] [१०००] [४] [१००] [४] असा दिसेल. पहिले दोन जोड चढत्या स्थानांवरून परत मिळतात. शेवटच्या दोन खुणांचे २४,१०४ होतात की २४,४०० हे प्रोग्रामला कळणार नाही. तेवढ्या नोंदींसाठी ठसा उघडावाच लागेल.